रंजिताचं उडवलेलं उत्तर

ऐक ना उर्वशे, नुसती ऐक. मधात "मंग काय झालं, मंग काय झालं" करू नको, नाईतं माह्यं सगळं इकडचं तिकडं होते. मी काल बाभुळगावले गेलती, बळीराम काकाच्या घरी. अन् जे सांगाले गेलती ते न सांगताच वापस आली. एवढंच हाय, पाह्य. पन एवढ्यानं तुले काही समजनार नाई, म्हून पह्यलेपासून सांगते.

आपला तो ग्रुप माहीत हाय ना तुले, 'कपाशीचा दवाखाना'? फेसबुकवरचा. तू घुसलती अन् दोन दिवसांत बाहेर पडलती, म्हने नुसते पानायचे फोटो येते. हाव बाई, पानायचेच येते. लोक पानाचा नाईतं बोंडाचा फोटो टाकते, खाली लिव्हते 'हे काय झालं, काय करू', अन् ज्याले समजते तो उत्तर देते. भीमराज सरायनं काढला तो. कृषी सहायक होते ना आपल्याकडं, रिटायर झाले अन् घरी बसवेना त्यायले. दोन वर्षांत अकरा हजार लोक झाले तिथी. औंदा तं विचारूच नको, गुलाबी अळी आली अन् घंट्याले पन्नास-पन्नास प्रश्न.

आता सरायचा एक नियम होता, तो नीट ऐक, सगळं त्याच्यावरच हाय. सर म्हनत, "ज्याले काही विकाचं हाय त्यानं विकावं, माह्यी ना नाई. फक्त उत्तराच्या पह्यल्या ओळीत आपली ओळख लिव्हावी. मी दुकानदार हाय, मी कंपनीचा मानूस हाय, जे असन ते. मंग उत्तर पूर्ण द्यावं. मंग शेवटी एक ओळ आपल्या मालाची." लोकायले सवयच लागलती. कोनी औषधाचं नाव घेतलं का खाली दुसरा इचारेच, "भाऊ, ओळख लिव्हली का?"

पन जुलै-ऑगस्टमध्ये जाहिरातीच जाहिराती आल्या व. बियाच्या, टॉनिकच्या, कोनी तं फवारनीच्या पोस्टखाली सोफासेट विकून राह्यला! सरायले एकट्यानं होईना. त्यायनं मले फोन केला. "जय भीम मोनाली, तू शिकलेली हाय, लोहाऱ्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवरच बसते, ग्रुप सांभाळशीन का जरा?" अव, मी खुर्चीतच उडाली. कृषी पदविका करून मी जिनिंगमध्ये गाठींचे नंबर टाइप करून राह्यली, अन् इथी अकरा हजार लोकायच्या ग्रुपची मॉडरेटर! हाव म्हनलं.

अन् मंग मी काय केलं, तं नियम कडक केला. सरायले न इचारता. मी म्हनलं, ओळख-बिळख कोन वाचत बसते, फोन नंबर दिसला का उडवा. बस्स. सोपं. अन् रोज संध्याकाळी पोस्ट टाकाची, 'आज सदतीस जाहिराती साफ!' खाली माह्यी सेल्फी, हातात झाडू. हसू नको! खरंच झाडू घेतलता मी, ऑफिसच्या मावशीचा. लोक लिव्हत, 'मोनाली ताई म्हन्जे वाघीन.' चारशे-चारशे लाइक. मले तं जेवन गोड लागेना लाइक मोजल्याशिवाय.

आता रंजिता. आपली रंजिता व, नेरकडच्या तांड्यावरची, जी प्रॅक्टिकलले सगळ्यायच्या अगोदर पोचे अन् किड्यायची नावं पाठ म्हने. तिचं लग्न त्याच तांड्याच्या बाजूच्या तांड्यात झालं. तिनं तिथी बायायचा गट केला. उन्हाळ्याच्या शेवटी सगळ्या मिळून निंबोळ्या वेचते, वाळवते, दळते, अन् ती भुकटी विकते फवारनीसाठी. ती पन ग्रुपवर होती. अन् उत्तरं काय देत होती माय व! फोटो पाहून सांगे, "दादा, हे रोग नाई, तुमच्या वावरात पानी साचलं हाय, मुळं गुदमरली." अन् निघे तसंच. पन तिची पह्यली ओळ ठरलेली. 'ओळख: आमच्या तांड्यावर बायायचा गट हाय, आम्ही निंबोळीची भुकटी विकतो.' अन् शेवटच्या ओळीत नंबर.

मी तिले फोन केला एक दिवस. म्हनलं, "रंजे, नंबर नको टाकत जाऊ."

"काहून? ओळख लिव्हतो ना आम्ही."

"आता नियम बदलला."

"कोनं बदलला?"

मी म्हनलं, "ग्रुपनं."

ती हसली. "ग्रुपनं का झाडूवालीनं?" म्हने. "मोने, आमच्या जमनी याडीले लिव्हता येत नाई, पन तिले मी वाचून दाखवते ना, उत्तर लिव्हलं का ती इचारते, आपलं नाव टाकलं का? निंबोळ्या तिनं वेचल्या. तिचं नाव नाई टाकलं तं मी काय एकटी शहानी झाली का?" जमनी याडी म्हन्जे तिची सासू, तांड्यावर आईले याडी म्हनते. म्हने, "लपवून विकू का मंग आम्ही?"

मले राग आला. खरं सांगू? राग काहून आला, तं ती बरोबर बोलून राह्यली होती म्हून. अन् कॉलेजात तिले माह्यापेक्षा जास्त मार्क पडत. हे मी तुलेच सांगून राह्यली, कोनाले बोलू नको.

आता दुसरा मानूस. विक्की. एका कृषी केंद्रात, खता-औषधाच्या दुकानात, कामाले होता, पन हे तवा कोनाले माहीत नव्हतं. तो ओळख लिव्हे, 'मी तुमच्यासारखाच.' एवढंच. कधी नंबर नाई, कधी दुकान नाई. बोलनं असं गोड, 'काका घाबरू नका, मी हाय ना.' अन् त्याच्या उत्तराखाली लगेच एक जन येई, 'शेतकरी मित्र' नावाचा. तो लिव्हे, 'विक्कीभाऊ, मागं तुमी सांगतलं ते मारलं, तीन दिवसांत अळी साफ. बाकीच्यायले पन नाव सांगा ना.' मंग विक्की लिव्हे, 'इनबॉक्स करा.' मले कधी वाटलंच नाई का हा शेतकरी मित्र फक्त विक्कीच्याच उत्तराखाली काहून उगवते. उलट मी काय केलं? ऑगस्टमध्ये आम्ही 'महिन्याचा डॉक्टर' सुरू केलता, चांगली उत्तरं देनाऱ्याचा फोटो लावाचा वर. मी विक्कीचा लावला. खाली लिव्हलं, 'निस्वार्थ सेवा.' हे माहे शब्द हाय, उर्वशे. निस्वार्थ सेवा.

मंग बळीराम काकाचा प्रश्न आला. सप्टेंबर होता. ते पत्रासारखं लिव्हत, खाली नाव टाकत. 'हे फूल उमलून नाई राह्यलं. पाकळ्या चिपकून गेल्या. असे लय फुलं हाय. काय करू. आपला बळीराम, बाभुळगाव.' फोटोत कपाशीचं फूल, मिटलेल्या छत्रीसारखं, मागं वावरात एक मानूस उभा. डोमकळी. आपल्याले शिकवलतं ना, आतमध्ये गुलाबी अळी बसून पाकळ्या शिवून टाकते ते.

दहा मिनिटांत रंजिताचं उत्तर आलं. पह्यली ओळ ओळख. मंग लिव्हलं, 'काका, आज फवारा मारू नका. तुमची कपाशीची पऱ्हाटी फोटोत मानसाच्या डोक्याच्या वर दिसून राह्यली. तिच्यात घुसून फवारा माराल तं औषध बोंडावर कमी अन् तुमच्या तोंडावर जास्त पडन. अळी पाकळीच्या आत हाय, तिले वरून औषध लागत पन नाई. सकाळी सकाळी घरचे सगळे जाऊन डोमकळ्या तोडा, पोत्यात भरा, जाळून टाका. तिथंच फेकू नका. आठ दिवस असंच करा. मंग नर पाखरं अडकाले कामगंध सापळे लावा अन् निंबोळीचा फवारा घ्या, तोंडाले रुमाल बांधून, वाऱ्याकडं पाठ करून. निंबोळ्या घरी वेचल्या असन तं घरीच बनवा. नसन तं आमच्या तांड्यावर भेटते.' अन् खाली नंबर.

मी ऑफिसात बसलती. बाजूले मशीनचा धडधड आवाज. मी ते उत्तर पूर्ण वाचलं, उर्वशे. पूर्ण. मनात म्हनलं, काय लिव्हलं पोट्टीनं! 'पऱ्हाटी डोक्याच्या वर', हे तिनं फोटोतून पाह्यलं, मले दिसलं पन नव्हतं. अन् मंग शेवटचा नंबर दिसला.

आता तिथी दुसऱ्याच्या उत्तरातली एकच ओळ काढता येत नाई. ठेवाचं तं पूर्ण ठेवा, काढाचं तं पूर्ण काढा. मले वाटलं, रंजिताले फोन करून सांगावं, नंबर काढून पुन्हा टाक. फोन हातात घेतला पन होता. पन आदल्या दिवशीच एकानं टोमना मारलता, 'ताईच्या मैत्रिनीले सगळं माफ दिसते.' अन् तिचं ते 'झाडूवाली' डोक्यात होतंच. मी उत्तर उडवलं. अन् रंजिताले ग्रुपच्या बाहेर काढलं. अन् पोस्ट टाकली, 'नियम सगळ्यायले सारखा, मंग ती मैत्रीन का असेना.' पाचशे लाइक आले. तवापर्यंतचे सगळ्यात जास्त.

बळीराम काकाच्या प्रश्नाखाली मंग विक्कीचं उत्तर आलं. 'काका घाबरू नका. दोन औषधं मिसळून मारा, अळी पळून जाईन. इनबॉक्स करा.' शेतकरी मित्र आला, 'मस्त हाय, मी पन मारलं.' ते राह्यलं. नंबर कुठं होता त्याच्यात?

सहाव्या दिवशी, दुपारचे दोन वाजले असन, बळीराम काकाच्याच नावानं एक आवाजाची पोस्ट आली. बाईचा आवाज. "मी हंसाबाई बोलून राह्यली, बळीरामची बायको. माह्या घरच्यायनं काल फवारा मारला, आज त्यायले चक्कर येऊन राह्यली, उलट्या झाल्या, डोळ्यापुढं पांढरं पांढरं दिसते म्हनते. मले फोन चालवता येत नाई, पोरीनं लावून देल्ला. इथी कोनी शिकलेलं असन तं सांगा, काय करू."

मी लगेच लिव्हलं अन् फोन पन केला, "काकू, आत्ताच्या आत्ता यवतमाळले दवाखान्यात न्या, कपडे बदला, आंग धुवा, अन् औषधाचे डबे सोबत न्या, डॉक्टरले दाखवाले." त्यायनं नेलं. त्या हप्त्यात तिथल्या वॉर्डात असे किती तरी होते व, फवारनीवाले, डोळ्यावर पट्ट्या बांधून बसलेले.

अन् तिकडं मी पाहून राह्यली तं विक्कीचं नाव गायब. खातंच बंद. अन् शेतकरी मित्र? तो पन गायब, त्याच वेळी, एका मिनिटाच्या फरकानं. तवा ट्यूब पेटली माह्यी, दोन्ही खाती एकाचीच. मंग एका मेंबरनं सांगतलं, तो अमक्या कृषी केंद्रात काम करते म्हून. मी त्याले गाठला, फोनवर. मले वाटलं भांडन. तो रडाले लागला. "ताई, मालकानं सांगतलं तसं लिव्हलं. मले खरंच वाटे चांगलं औषध हाय. तुमीच तं माहा फोटो लावलता ना वर."

भीमराज सरायले सगळं सांगतलं. ते कधी चिडत नाई, तुले माहीत हाय. मंग म्हने, "रंजिताचं उत्तर तू उडवायच्या अगोदर वाचलतं?"

"हाव सर."

"पूर्ण?"

"हाव सर."

"मंग?"

बस्स. एवढंच. मंग.

मंग मी तांड्यावर गेली, नेरच्या गाडीनं. रंजिता अंगनात निंबोळीच्या पोत्यायवर ताडपत्री टाकून राह्यली होती. मले पाह्यलं, उठली नाई. तिची जमनी याडी चुलीपाशी होती, तिनंच पानी देल्लं. रंजितानं पह्यले काय इचारलं माहीत हाय? "त्यायचे डोळे कसे हाय?"

मी म्हनलं, "एका डोळ्यानं धूसर दिसते म्हनते, दुसरा बरा हाय थोडा."

मंग ती बोलली. "मोने, मी ते वावरात उभं राहून लिव्हलतं. मोबाइलले रेंज नव्हती, बांधावर चढून पाठवलं. त्याच्यातली एकच ओळ आमची होती. बाकी सगळं त्यायचं होतं. तुले आमची एक ओळ खुपली. अन् तुहा रोजचा फोटो? ती जाहिरात नव्हती?"

मी रडली. काय करू. याडीनं मले जवळ घेतलं नाई, पन दुसरा गलास पानी आनून ठेवला.

मी म्हनलं, "रंजे, मी ग्रुपवर सगळं लिव्हते. तुहं उत्तर काय होतं ते लिव्हते. तुले वापस घेते. वर लावते तुहा फोटो."

"माह्यं नाव घेऊन काहीच लिव्हू नको," ती म्हने, इतक्या हळू का मले पुढं झुकावं लागलं. "लोक काय म्हनतीन? एक मानूस आंधळा व्हाच्या वाटेवर, अन् तांड्यावरच्या बाया त्याच्या डोळ्यावर भुकटी विकून राह्यल्या. वापस मी येत नाई. ज्याले गरज असन तो इथी येते." मंग ताडपत्रीची दोरी बांधत म्हने, "तुले सांगाचंच असन तं एका मानसाले सांग. ज्याचं उत्तर होतं त्याले."

म्हून काल मी बाभुळगावले गेली.

रस्ताभर पाठ करत गेली व. 'काका, तुमाले एक चांगलं उत्तर आलतं, ते मी काढून टाकलं.' असंच, सरळ. खिडकीतून वावरं दिसे, बोंडं अर्धी किडकी, लोक तरी वेचून राह्यले. घर सापडलं. काका दारात खाटेवर बसलेले, काळा चष्मा, सरकारी दवाखान्यातला. मी बोलली तसे त्यायनं आवाजावरून ओळखलं, दवाखान्यात होते तवा फोनवर बोललो होतो ना. "मोनाली बाई का? या या. हंसा, ग्रुपवाल्या बाई आल्या!"

अन् मंग त्यायनं जे सुरू केलं ना. "बाई, तुमी डबे सोबत न्या म्हनलं म्हून डॉक्टरले समजलं कोनतं औषध हाय ते. तुमच्या ग्रुपनं वाचवलं मले." हंसाबाईनं चहा आनला. खुर्ची पदरानं पुसली माह्यासाठी. मी म्हनलं, आता सांगते. चहा झाला का सांगते.

अन् मंग काका म्हने, "मी त्या पोट्ट्याले पन दोष देत नाई बाई. एवढे हजारो लोक, माह्या प्रश्नाले त्या एकट्यानं उत्तर देल्लं. बाकी कोनाले कायले पडली हाय? तो तरी आला. चूक झाली त्याची, पन आला तं." म्हने, "मी वाट पाहून राह्यलो होतो ना, दिवसभर मोबाइल घेऊन. वाटे, कोनी तरी सांगन."

दिवसभर, उर्वशे. दहा मिनिटांत आलतं त्यायचं उत्तर. एखाद्या वेळी एक मिनिट तिथी राह्यलं असन, दोन मिनिटं. त्यायनं मोबाइल उघडायच्या अगोदर मी उडवलं.

हंसाबाई दाराच्या चौकटीले टेकून उभी होती. तिनं सहज इचारलं, कोनावर डाव धरून नाई, सहज. "बाई, तुमी तं सगळंच पाहत असान तिथलं. दुसऱ्या कोनी काहीच लिव्हलं नव्हतं का हो?"

तेच होतं व. तिनं दारच उघडून देल्लं मले. फक्त हाव म्हनाचं होतं, मंग पुढचं आपोआप आलं असतं. माह्या तोंडात शब्द होते, पाठ केलेले. काका माह्याकडं तोंड करून बसलेले, तो काळा चष्मा घालून. मी पाह्यलं, त्यायची पोरगी आत पुस्तक घेऊन बसली, बाजूले फवारनीचा पंप उलटा टांगलेला. मले वाटलं, सांगतलं तं यायले काय भेटन? डोळा वापस येईन का? उलट त्यायचा जो एक भरोसा हाय, का ग्रुपनं वाचवलं, तो पन जाईन. अन् मंग वाटलं, हे मी त्यायच्यासाठी विचार करून राह्यली का माह्यासाठी? खरंच समजेना मले, उर्वशे. अजून समजून नाई राह्यलं.

अन् मी मान हालवली. नाई अशी. तोंडानं काहीच नाई बोलली. ज्या मानसाले नीट दिसत नाई त्याच्यापुढं मी मान हालवली.

काकानं बायकोले इचारलं, "काय म्हनते बाई?"

हंसाबाई माह्याकडं पाहतच राह्यली. मंग म्हने, "नाई म्हनते."

काका म्हने, "मी म्हनलंच होतं." अन् मले म्हने, "चहा घ्या बाई, थंडा होईन."

मी पेली. वापस आली. गाडीत बसल्यावर रंजिताचा मेसेज, 'सांगतलं?' एवढाच. त्याले अजून मी उत्तर देल्लं नाई. सरायनं म्हनलं, आपन ग्रुपवर माफी लिव्हू, नाव न घेता, अन् ओळखीचा जुना नियम वापस लावू. ते होईन. लिव्हलं पन मी, आज सकाळी, सेल्फी न लावता. पन ते अकरा हजार लोकायसाठी हाय, त्या खाटेवरच्या मानसासाठी नाई. त्याले आता कोनी वाचून दाखवन तवा समजन, अन् नाव नसल्यानं तवा पन त्याले वाटनार नाई का हे आपल्याच फुलाबद्दल हाय.

जावं वाटते परत. अन् वाटते, आता गेली तं दोन गोष्टी सांगाव्या लागन, उत्तर उडवलं ते अन् काल मान हालवली ते. अन् हंसाबाईले तं मले वाटते समजलं हाय. ती ज्या नजरेनं पाहून राह्यली होती ना.

आता बोल व. तू असती तिथी, त्या खुर्चीवर, अन् ती बाई तसं इचारत असती, तं तू काय केलं असतं?